आत्याचा आजार, भाच्याची किरणं : दवाखान्यातल्या स्कॅनमागचे डॉ. होमी भाभा

जयंती विशेष

नागपूर : डॉ. होमी भाभा हे नाव शाळेच्या पुस्तकात येतं ते अणुशक्तीच्या धड्यात. अणुभट्टी, अणुवीज, अणुबॉम्ब एवढंच बहुतेकांच्या लक्षात राहतं. पण काटोल, नरखेड, उमरेड, भिवापूर, रामटेककडून जी माणसं रोज नागपूरच्या मेडिकलला, मेयोला नाहीतर राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला जातात, त्यांचा या माणसाशी वेगळाच संबंध येतो. डॉक्टरच्या चिठ्ठीवर बोन स्कॅन, थायरॉईड स्कॅन किंवा पेट स्कॅन लिहिलेलं असतं. कुणाला कोबाल्टच्या मशीनवर लाईट घ्यायला सांगितलेलं असतं. ही सोय आपल्या देशात उभी राहिली त्यात भाभांचा वाटा फार मोठा. ३० ऑक्टोबर हा त्यांचा जन्मदिवस. त्यानिमित्त त्यांच्या आयुष्याची ही दुसरी बाजू.

श्रीमंत घरातलं पोरगं

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईच्या पारशी घरातला. वडील जहांगीर भाभा बॅरिस्टर. आजोबा हॉर्मसजी भाभा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे सर्वांत मोठे अधिकारी. घरात पुस्तकं भरपूर, गाण्याच्या तबकड्या भरपूर. होमीला लहानपणापासून चित्रं काढायचा आणि पाश्चात्त्य संगीत ऐकायचा नाद होता. पुढं कितीही मोठा हुद्दा मिळाला तरी हा नाद सुटला नाही.

होमीची आत्या मेहेरबाई. तिचं लग्न झालं होतं जमशेदजी टाटांचे थोरले चिरंजीव सर दोराबजी टाटा यांच्याशी. म्हणजे टाटांचं घर हे होमीच्या आत्याचं घर. हे नातं लक्षात ठेवावं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

मुंबईत कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असं शिकून होमी १९२७ साली इंग्लंडला केंब्रिजला गेला. घरच्यांनी आधीच ठरवलं होतं की पोरानं मेकॅनिकल इंजिनिअर व्हायचं, परत यायचं आणि जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात लागायचं. पण तिथं गेल्यावर त्याचं मन भौतिकशास्त्रात, म्हणजे फिजिक्समध्ये, अडकलं. त्यानं वडिलांना पत्र लिहून स्पष्ट कळवलं की कारखान्यातली नोकरी आपल्याच्यानं होणार नाही. वडिलांनी आदळआपट केली नाही. अट एकच घातली, की हाती घेतलेली इंजिनिअरिंगची परीक्षा आधी पहिल्या वर्गात पास हो, मग हवं ते शीक. १९३० मध्ये होमी पहिल्या वर्गात आला. १९३२ मध्ये गणितातही पहिला वर्ग मिळवला. बापानं शब्द पाळला.

आत्या गेली

याच काळात घरावर घाला आला. मेहेरबाईंना रक्ताचा कॅन्सर झाला. पैशाला तोटा नव्हता, उपचार परदेशात चालले होते, तरी १९३१ साली त्या गेल्या. दोराबजी पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये वारले.

जाण्याआधी दोराबजींनी आपली जवळपास सगळी मालमत्ता एका ट्रस्टच्या नावे केली. बायकोच्या आजारात एक गोष्ट त्यांच्या जिवाला लागली होती. असे उपचार परदेशात मिळतात, आपल्याकडं गरिबाला काय, श्रीमंतालाही मिळत नाहीत. त्या काळी कॅन्सरवर रेडियम नावाच्या धातूतून निघणारी किरणं वापरत. तशी सोय मुंबईत व्हावी ही त्यांची इच्छा होती. त्यांच्या माघारी ट्रस्टनं ती पुरी केली. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं, तेव्हा ८० खाटा होत्या. आज विदर्भातल्या खेड्यातलं माणूस ज्याला नुसतं टाटा म्हणते, तो हाच दवाखाना.

किरणं म्हणजे नेमकं काय

भाभांनी आयुष्यभर जे काम केलं ते समजायचं तर आधी किरणांचं घराणं समजून घ्यावं लागतं. सूर्याचा उजेड, चुलीची धग, रेडिओ आणि मोबाईलच्या लहरी, एक्सरे आणि गॅमा किरणं ही सगळी एकाच जातीची. यांना विद्युतचुंबकीय किरणं म्हणतात. फरक फक्त ताकदीचा. रेडिओची लहर सर्वांत कमजोर, उजेड त्याच्या वर, एक्सरे त्याहून वर, आणि गॅमा सहसा सगळ्यांत दांडगी. उजेड आपल्या अंगावर अडतो, म्हणून सावली पडते. एक्सरे आणि गॅमा मांसातून आरपार जातात. हाडात एक्सरे जास्त अडतात, म्हणून फिल्मवर हाड पांढरं दिसतं. १८९५ मध्ये जर्मनीतल्या रॉन्टजेन यांनी एक्सरे शोधले आणि चाकू न लावता शरीराच्या आत पाहायची वाट मोकळी झाली.

सिटी स्कॅनही एक्सरेच. फक्त तिथं माणसाभोवती मशीन फिरवून कांद्याच्या चकत्यांसारखी आतली चित्रं घेतात. एमआरआयमध्ये एक्सरे नसतात, मोठा चुंबक आणि रेडिओ लहरी असतात. सोनोग्राफी तर या घराण्यातलीच नाही, ती आवाजाची लहर आहे.

एका दाण्याचं कणीस

भाभा केंब्रिजला होते तेव्हा जगभरच्या शास्त्रज्ञांना आकाशातून येणाऱ्या कॉस्मिक किरणांनी, म्हणजे विश्वकिरणांनी, कोड्यात टाकलं होतं. ही किरणं रात्रंदिवस आपल्यावर पडत असतात. वरून आलेला एखादाच कण हवेत घुसतो आणि खाली मात्र कणांचा सडा पडतो. हे कसं होतं? १९३७ मध्ये भाभा आणि हाइटलर या दोघांनी त्याचा हिशेब मांडला. जोरात आलेला इलेक्ट्रॉन हवेतल्या अणूजवळून जाताना गॅमा किरण सोडतो. त्या गॅमा किरणातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन अशी जोडी तयार होते. ती जोडी पुन्हा गॅमा सोडते, त्यातून पुन्हा जोड्या. ज्वारीचा एक दाणा पेरला की कणीस भरतं, तसा एका कणाचा पाऊस होतो.

पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा उलटा भाऊ. वजन तेवढंच, पण विजेचा भार उलट. त्याचा शोध १९३२ मध्येच लागला होता. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे उडतात याचं गणित भाभांनी त्याच सुमारास केलं. जगभरचे शास्त्रज्ञ आजही त्याला भाभा स्कॅटरिंग म्हणतात. वयाच्या ३१ व्या वर्षी, १९४१ साली, त्यांना लंडनच्या रॉयल सोसायटीचं सभासदत्व मिळालं.

सुट्टीवर आले ते राहिलेच

१९३९ मध्ये भाभा सुट्टीवर घरी आले. तेवढ्यात युरोपात दुसरं महायुद्ध पेटलं आणि परतीची वाट बंद झाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन भौतिकशास्त्र विभाग चालवत होते. भाभा तिथं लागले. आधी वाटलं होतं, लढाई संपली की परत जाऊ. पण काही वर्षांत विचार बदलला. चांगली माणसं आणि थोडा पैसा मिळाला तर हेच काम आपल्या देशात होऊ शकतं, असं त्यांचं मत झालं.

मार्च १९४४ मध्ये त्यांनी ट्रस्टला पत्र लिहून संशोधन संस्थेसाठी पैसे मागितले. अणूची शक्ती उद्या कामाला येईल, तेव्हा आपल्याला तज्ज्ञ बाहेरून आणायची वेळ येऊ नये, असा त्या पत्राचा मतलब होता. हिरोशिमावर बॉम्ब पडायला तेव्हा अजून दीड वर्ष होतं! ज्यांच्याकडे पैसे मागितले तो सर दोराबजी टाटा ट्रस्ट, म्हणजे आत्याच्या यजमानांनी मागं ठेवलेली पुंजी. १९४५ मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च सुरू झाली, आधी बंगळूरला आणि लगेच मुंबईत. कॅन्सरचा दवाखाना आणि किरणांचा अभ्यास करणारी संस्था, दोन्ही एकाच तिजोरीतून निघाले.

तुर्भ्याची भट्टी

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग नेमला गेला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. पुढच्या वर्षी युरेनियमसारखी खनिजं शोधायला एक पथक उभं राहिलं. त्याच कामाचं मध्य भारताचं कार्यालय आज आपल्या नागपुरात सिव्हिल लाईन्समध्ये आहे. १९५४ मध्ये अणुऊर्जा खातं निघालं, तेही थेट पंतप्रधान नेहरूंच्या हाताखाली. मुंबईजवळ तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, काम सुरू झालं.

४ ऑगस्ट १९५६ रोजी तिथली अप्सरा ही अणुभट्टी चालू झाली. रशिया सोडला तर आशियातली ही पहिली. इंधन इंग्लंडचं होतं, पण भट्टी आपल्या माणसांनी बांधली होती. भट्टी पाण्याच्या हौदात होती आणि चालू असताना पाण्यात निळा उजेड दिसायचा. नेहरूंनी म्हणून तिला अप्सरा हे नाव दिलं.

या भट्टीनं वीज दिली नाही. तिचा उपयोग दुसराच. साधा पदार्थ भट्टीत ठेवला की त्याचे अणू बदलतात आणि त्यातून किरणं निघू लागतात. अशा पदार्थाला रेडिओ-आयसोटोप म्हणतात. दवाखान्याला नेमकं हेच लागत होतं.

किरणं आतून बाहेर

एक्सरेमध्ये किरण बाहेरून येतो आणि अंगातून पार होतो. आयसोटोपचं उलटं. अगदी थोडं औषध पोटात किंवा शिरेत देतात, ते नेमक्या अवयवात जाऊन बसतं, आणि त्यातून निघालेली गॅमा किरणं बाहेरचं मशीन टिपतं. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी आयोडीन ओढून घेते, हे तिचं कामच. म्हणून किरणं सोडणारं आयोडीन-१३१ दिलं की ग्रंथी किती काम करते, गाठ कुठं आहे, ते दिसतं. मात्रा वाढवली तर त्याच आयोडीननं थायरॉईडच्या कॅन्सरवर उपचारही होतो. आठ दिवसांत त्याची ताकद निम्मी होते, पुढच्या आठ दिवसांत त्याच्याही निम्मी.

१९६२ मध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल आरोग्य खात्याकडून अणुऊर्जा खात्याकडं आलं. अनेकांना नवल वाटलं असेल की भट्ट्या बांधणाऱ्या खात्याला दवाखान्याचं काय काम? पण रोग शोधण्यापासून तो बरा करण्यापर्यंत पुढं किरणांचाच आधार लागणार, हे भाभांनी ओळखलं होतं. १९६३ मध्ये परळलाच रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं. तुर्भ्याला तयार झालेला आयसोटोप आता मुंबईतच रोग्यापर्यंत पोचू लागला. दवाखाना आजही अणुऊर्जा खात्याकडंच आहे. आत्याच्या आठवणीनं जे सुरू झालं, ते भाच्याच्या खात्यात येऊन टिकलं.

औषध वाटेतच विरतं तेव्हा

आता प्रश्न येतो खेड्यापाड्याच्या माणसाचा. हे औषध साठवून ठेवता येत नाही. हाडाच्या स्कॅनला जे टेक्नेशियम वापरतात ते सहा तासांत निम्मं होतं. मग लांबच्या दवाखान्यात पोचवायचं कसं? त्यावर युक्ती अशी की टेक्नेशियम पाठवायचंच नाही, त्याची गाय पाठवायची. मॉलिब्डेनम नावाचा पदार्थ एका डब्यात भरून देतात. तो निम्मा व्हायला ६६ तास घेतो आणि विरता विरता टेक्नेशियम तयार करत राहतो. दवाखान्यातले लोक सकाळी त्यातून हवं तेवढं टेक्नेशियम काढून घेतात. या डब्याला जगभर गायच म्हणतात आणि या कामाला दूध काढणं.

पेट स्कॅनची गोष्ट आणखी कठीण. तिथं साखरेसारख्या पदार्थाला फ्लोरिन-१८ जोडून शिरेत देतात. शेतात तण जसं पिकाच्या वाट्याचं खत ओढतं, तशी कॅन्सरची गाठ साखर ओढते. फ्लोरिन-१८ मधून पॉझिट्रॉन निघतो. तो शेजारच्या इलेक्ट्रॉनला भेटला की दोघंही नाहीसे होतात आणि दोन गॅमा किरणं बरोबर विरुद्ध दिशांना सुटतात. गोल मशीन ती दोन्ही पकडतं आणि गाठ नेमकी कुठं ते सांगतं. तरुण भाभांनी ज्या जोडीचं गणित केलं, तीच ही जोडी. पेट स्कॅनचं मशीन भाभांनी शोधलं असं नाही, ते नंतर दुसऱ्यांनी बनवलं. पण भारतातलं पहिलं पेट स्कॅन आणि त्याचं औषध बनवणारं पहिलं मेडिकल सायक्लोट्रॉन हे २००२ मध्ये सुरू झालं ते त्यांच्याच काळात निघालेल्या परळच्या सेंटरमध्ये.

फ्लोरिन-१८ निम्मं व्हायला ११० मिनिटं लागतात. मुंबईहून रेल्वेनं निघालं तर बारा तासांत शंभरातला एखादाच भाग उरेल. म्हणून हे औषध जवळ बनवावं लागतं किंवा विमानानं आणावं लागतं. पेट स्कॅन महाग का आणि त्यासाठी वेळ चुकवू नका असं डॉक्टर का बजावतात, याचं एक कारण हे.

शेतापर्यंत पोचलेलं काम

भाभांच्या तुर्भ्याच्या केंद्रानं किरणांचा वापर शेतीतही केला. बियाण्यावर किरणं सोडून त्यात बदल घडवायचे आणि चांगलं वाण निवडायचं, असं हे काम. टीएयू-१ हा उडीद आणि टॅग-२४ हा भुईमूग आपल्याकडच्या कास्तकारांना ठाऊक आहे. यातला टी म्हणजे ट्रॉम्बे आणि ए म्हणजे अकोला. तुर्भ्याचं केंद्र आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांनी मिळून ही वाणं दिली. कांद्याला कोंब येऊ नये म्हणून नाशिक जिल्ह्यात लासलगावला गॅमा किरणांचं केंद्र आहे, तेही याच घरचं.

मॉं ब्लांच्या बर्फात

भाभांनी लग्न केलं नाही. कामाला शिस्त कडक, पण माणूस रसिक. इमारत बांधताना झाड आडवं आलं तर ते तोडू देत नसत, मुळासकट काढून दुसरीकडं लावायला लावत. मोठमोठ्या चित्रकारांची चित्रं त्यांनी संस्थेच्या भिंतींवर आणली. त्यांचे सगळेच अंदाज बरोबर आले असंही नाही. अणुवीज जितक्या लवकर आणि जितकी मुबलक मिळेल असं त्यांना वाटत होतं, तितकी ती मिळाली नाही. पण तरुण पोरांना हाताशी धरून आपल्याच देशात यंत्र बनवायचं, ही सवय त्यांनी लावली ती टिकली.

२४ जानेवारी १९६६. अणुऊर्जेच्या एका बैठकीसाठी भाभा व्हिएन्नाला निघाले होते. एअर इंडियाचं कांचनजंगा नावाचं विमान युरोपातल्या मॉं ब्लां या बर्फाच्या डोंगरावर आदळलं. ११७ जण गेले, त्यांत भाभाही होते. वय अवघं ५६. लालबहादूर शास्त्री जाऊन दोन आठवडेही झाले नव्हते, तेवढ्यात देशाला हा दुसरा धक्का बसला. पुढच्या वर्षी तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचं नाव दिलं, तेच भाभा अणुसंशोधन केंद्र, म्हणजे बार्क. याच बार्कनं पुढं कॅन्सरवर कोबाल्टची किरणं देणारं देशी मशीन बनवलं. त्याचं नाव भाभाट्रॉन.

भीती किती धरायची

किरणं म्हटलं की गावात अजून माणूस बिचकते. स्कॅन केला तर रोग पसरतो, अंगात किरणं कायमची राहतात, अशा गोष्टी ऐकू येतात. तसं नाही. छातीच्या एका एक्सरेत जेवढी किरणं लागतात, तेवढी मातीतून, हवेतून आणि आकाशातून सुमारे दहा दिवसांत आपल्याला अशीही मिळतात. सिटी स्कॅनमध्ये मात्र त्याहून बरीच जास्त लागतात, म्हणून मनानं जाऊन सिटी काढून घेऊ नये. बाई गरोदर असेल किंवा शंका असेल तर आधी सांगावं. स्कॅनचं औषध दिल्यावर भरपूर पाणी प्यावं आणि डॉक्टरांनी सांगितलं तेवढा वेळ लहान लेकरापासून लांब राहावं. किरणांच्या मशीनवर काम करणाऱ्याच्या छातीवर लहानसा बिल्ला असतो, तोही बघून ठेवावा. त्याच्या अंगाला किती किरणं लागली, त्याचा हिशेब त्या बिल्ल्यावर होतो. ही तपासणीची पद्धतही बार्कनंच देशात बसवली.

आपल्या भागात खर्रा आणि तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर घरोघरी नेला आहे. तोंडातला चट्टा किंवा जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर थांबू नये, आधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवावं. मेहेरबाईंच्या वेळी टाटांच्या घरालाही आपल्या देशात उपचार मिळाला नव्हता. आज तो काटोल-उमरेडच्या माणसाला नागपुरात मिळतो. फक्त वेळेवर पोचायला पाहिजे.